गळती नाही

आमच्या कारखान्यात मीटिंगच्या खोलीत जायचं तर अक्कल दाराबाहेर काढून ठेवावी लागते. शुक्रवारीही तेच. विषय होता दोन कॉम्प्रेसरचा. हवा दाबून अख्ख्या शेडला पुरवणारी ही दोन धुडं, थोरला आणि धाकटा, मी फिटर म्हणून लागलो त्याच वर्षी बसली. आता चार महिने झाले, दोन्ही दिवसभर चालवली तरी शेडच्या टोकाच्या मशीनना हवा पुरत नव्हती. म्हणून ती दुरुस्त करायची की भंगारात काढून नवी घ्यायची, यावर खल चालला होता.

मॅनेजर पेन्सिल चावत होता. कॉम्प्रेसर कुठल्या बाजूने हवा ओढतो हेसुद्धा त्याला ठाऊक नसेल. नव्या मशीनचा विक्रेता गुळगुळीत कागदांवरची चित्रं पसरून दात विचकत होता. आणि तिसरे आमचे जावईबापू. माझ्या मुलीला अख्ख्या जगात हाच एक इंजिनियर सापडला, आणि त्याला नोकरीसाठी नेमका आमचाच कारखाना!

"तुम्ही बोला, मेस्त्री," मॅनेजर म्हणाला.

"बोलायचं काय त्यात? पिस्टनच्या रिंगा द्या, व्हॉल्व्हच्या पट्ट्या द्या. पंधरा दिवसांत नव्यासारखे करून देतो."

"पण हवा पाइपातच गळत असेल तर?" जावयाने तोंड घातलं.

"दर शनिवारी सगळी लाइन फिरून कानाने तपासतो मी. वहीत सही आहे माझी. गळती नाही."

"तरी रविवारी शेड बंद असताना एकदा बघू या ना, मामा."

चारचौघांत मामा! विक्रेता खाली मान घालून हसला. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

रविवारी सकाळी हा पठ्ठ्या मगभर साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन हजर. "भांडी घासायला आलात का, जावईबापू?" मी विचारलं. तर हसला. त्याचा हाच दुर्गुण आहे. अपमान केला तरी हसतो, मग करणाऱ्याला काय मजा?

आधी थोरला घेतला. टाकीतून लाइनीकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद केला आणि मशीन सुरू केलं. नवा होता तेव्हा तो चार मिनिटांत रिकाम्या टाकीचं प्रेशर सातावर न्यायचा. त्या दिवशी चार मिनिटं वीस सेकंद लागले. धाकट्यालाही तेवढेच. दोघंही ठणठणीत! रिंगासुद्धा बदलायला नकोत.

"काय हो, भंगार म्हणत होता ना?" मी छाती काढून विचारलं. खरं तर तो तसं एकदाही म्हणाला नव्हता.

मग व्हॉल्व्ह उघडून लाइनही सातापर्यंत भरली आणि दोन्ही मशीन बंद केली. आता लाइनीत हवा भरलेली आणि ती वापरणारं शेडमध्ये कोणी नाही. काटा सातावरच राहायला हवा. नऊ मिनिटांत तो तिनावर आला.

"गेज बिघडलंय," मी म्हणालो.

जावई साबणपाण्याचा मग उचलून शेडमध्ये शिरला. मी मागोमाग. तिथे वॉचमन, ज्याला घोरण्याचाच पगार मिळतो, तो खुर्चीवर पाय वर घेऊन बसला होता.

"मेस्त्री, साप शिरलाय की काय हो आत? मघापासून नुसतं फुस्स फुस्स चाललंय."

"डोकं फिरलंय तुझं," मी म्हणालो. मला तर शेड चिडीचूप वाटत होती.

जावयाने पाइपाच्या पहिल्या जोडाला साबणपाणी लावलं. फेस टरारून फुगला. दुसऱ्याला लावलं, तिथेही फुगला. तिसऱ्याला मी पाइपाला कान टेकवून उभा राहिलो. काही नाही. तिथेच हात धरला तर तळव्यावर गार हवा बोचत होती. हाताला कळत होतं ते कानाला कळत नव्हतं. एकूण सव्वीस जोड गळत होते, आणि दर शनिवारी मी त्यांच्या शेजारून ऐटीत फिरत होतो.

"मामा, कधीपासून?" जावयाने माझ्यासमोर येऊन, सावकाश विचारलं. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं! पोरगी हल्ली माझ्याशी ओरडून बोलते ती शेफारली म्हणून, असं मी धरून चाललो होतो.

कान गेलेल्या माणसाला आमच्याकडे मशीनपाशी ठेवत नाहीत. गेल्या वर्षी लेथवाल्याला उचलून स्टोअरमध्ये नट मोजायला बसवला. येता-जाता मी त्याची टर उडवायचो.

"मी लिहितो, मशीनच संपली म्हणून," जावई म्हणाला. "नवी बसवताना पाइपही बदलून घेऊ. तुमची वही कोण उघडून बघणार आहे? दोनच वर्षं राहिलीत तुमची."

ज्याला मी लग्नापासून बिनकण्याचा म्हणत आलो तो माझ्यासाठी खोटं लिहायला निघाला होता. आभार राहिले बाजूला, मला त्याचा संताप आला. पण 'नको' काही तोंडातून निघेना.

सोमवारी मॅनेजरने जावयाचा अहवाल वाचला आणि बाजूला सारला.

"हे राहू द्या. मला मशीनमधलं ओ की ठो कळत नाही, मेस्त्री. इतकी वर्षं मी तुमच्या भरवशावर चाललोय. तुम्ही म्हणालात तर आजच्या आज रिंगा मागवतो. खरं काय ते सांगा, होतील दुरुस्त?"

विक्रेत्याचं हसू मावळलं. जावई टेबलाकडे बघत होता. मॅनेजर माझ्या समोरच बसला होता, त्यामुळे त्याचा शब्द न् शब्द मला कळला होता.

"नाही होणार, साहेब," मी म्हणालो. "दोन्ही संपली. काढून टाका."

एकही प्रश्न न विचारता त्याने सही केली. त्या खोलीत मी एकेकाला काय काय म्हटलं असेल, गाढव, बुजगावणं, भामटा. पण धडधाकट मशीन जाणूनबुजून भंगारात घालणारा हलकट तिथे आजवर एकच निघाला.