भट्टीजवळचं यीस्ट

बंद पडलेल्या बेकरीची जागा मिळाली तेव्हा दिराला तिथली जुनी भट्टी पाडायची होती. वहिनीने पाडू दिली नाही. "राहू द्या हो भावजी. इथे वर्षानुवर्षं पाव फुगलाय. हवेत काहीतरी उरलं असेलच."

त्या जागेत दोघांनी बिअर बनवायची छोटी ब्रूअरी काढली. वहिनीचा नवरा बोटीवर नोकरीला, त्यामुळे सगळा व्याप तिच्या आणि दिराच्या गळ्यात. दीर वहिनी म्हणे, म्हणून गिऱ्हाईकंही वहिनीच म्हणू लागली. गिऱ्हाईकं म्हणजे एकेक नमुना. डॉक्टर एक्स-रे धरतो तसा ग्लास उजेडात धरायचे आणि बिअरच्या फेसावरून एकमेकांशी हमरीतुमरीवर यायचे. भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक बिअरची अख्खी कृती खडूने लिहिलेली असे, शेवटी 'काय चुकलं' तेही. लपवाछपवी मोठ्या कंपन्यांनी करावी, आपण नाही, हा वहिनीचा हट्ट. या धंद्यातल्या छोट्या लोकांचा आणखी एक न लिहिलेला नियम होता: कुणी आपलं यीस्ट मागितलं तर बरणी भरून द्यायची आणि वर चहा पाजायचा.

एरवी यीस्ट विकत आणतात. वहिनीने एकदा माल्टच्या, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाच्या, गोड पाण्याची पसरट भांडी भट्टीशेजारी रात्रभर उघडी ठेवली. हवेतलं जे काही त्यात उतरलं, ते काही दिवसांत फसफसायला लागलं. त्याची बिअर अशी झाली की पहिल्या घोटाला भाजलेल्या पावाच्या कडेचा वास यावा. लोक तुटून पडले. दुसऱ्या गावाहून त्यांचा दोस्त आला. तोही बिअर करायचा, आणि सगळे त्याला दाढी म्हणत. तो बरणी घेऊन गेला. मग आणखी काहीजण घेऊन गेले.

एके दुपारी गाडी शिकवणारे मास्तर काउंटरपाशी बसून क्लचबद्दल बोलत होते. बोलता बोलता थांबले, मान भट्टीकडे वळवली आणि भलत्याच जाड आवाजात म्हणाले, "खालचं करपतंय बघ." मग पुन्हा क्लच.

"काय करपतंय?" वहिनीने विचारलं.

"कुठे काय?"

"आत्ता तुम्हीच म्हणालात."

"मी? मी क्लचचं सांगतोय, वहिनी. एका ग्लासात चढायला मी काय कॉलेजातला पोरगा आहे?"

वहिनीने हसण्यावारी नेलं. पण त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरीणबाई तेच म्हणाल्या. तोच आवाज, 'बघ'वर तोच हेल. म्हणताना त्यांनी अंगावर नसलेल्या एप्रनला हात पुसले. त्यांनाही काही आठवेना. दिराला वाटलं, सगळे मिळून आपली फिरकी घेताहेत. मग दाढीचा फोन आला.

"वहिनी, यीस्टमध्ये काय घातलंत? आमच्याकडे लोक मधेच 'खालचं करपतंय' म्हणतात. अहो, इथे भट्टीसुद्धा नाही."

वहिनीने फोन ठेवून दिराला सांगितलं. दीर म्हणाला, ओतून टाकू. वहिनी म्हणाली, आधी कळू तर द्या.

कधीच वारलेल्या बेकरीवाल्याची मुलगी मागच्याच गल्लीत राहत होती. शिवणकाम करणारी, एकटी, म्हातारी; सगळ्यांची मावशी. वहिनीने तिला बोलावून आणलं आणि चहा दिला. थोड्या वेळाने पलीकडच्या टेबलावरचा कुणी अनोळखी माणूस मान वळवून म्हणाला, "खालचं करपतंय बघ."

मावशीने बशी खाली ठेवली. "बाबा," ती एवढंच म्हणाली.

तेव्हापासून ती रोज दुपारी शिवण घेऊन येऊ लागली. बिअरला शिवायची नाही. कोपऱ्यात बसायची आणि ऐकायची. "पीठ झाकलंस का?" कुणीतरी म्हणे. "दार ओढून घे, वारा येतोय." मावशी मान खाली घालूनच पुटपुटे, "झाकलं, बाबा." वहिनीला ते ऐकवत नसे, पण मावशीच्या चेहऱ्यावर जी तकतकी आली होती, ती बघून काही बोलवतही नसे.

मग एक दिवस डॉक्टरीणबाईंनी ग्लास खाली ठेवला आणि त्या जाड आवाजात म्हणाल्या, "ठकीला कळू देऊ नका."

मावशीची सुई थांबली. "ठकी म्हणजे मी," ती वहिनीला म्हणाली. "बाबांशिवाय कुणी म्हणत नसे मला तसं." मग डॉक्टरीणबाईंकडे वळून, "काय कळू द्यायचं नाही?"

"कुणाला काय, मावशी?" बाई गोंधळल्या.

पुढे ते वाक्य वरचेवर येऊ लागलं, पण त्याच्या पुढे कुणी जाईना. मावशीचं शिवण सुटलं. ती टेबलाटेबलाशी जाऊन लोकांच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. लोक बिचकले, यायचे कमी झाले.

"वहिनी, आता बास," दीर म्हणाला. "उद्या ही टाकी मी गटारात सोडणार."

मावशीने ते ऐकलं. "मग मला आज एक ग्लास दे."

"मावशी, नको."

"उद्या तुम्ही ओतून टाकाल. मग मी कुणाला विचारू, गं?"

वहिनीने अर्धा ग्लास भरून दिला. मावशीने औषध घ्यावं तसे घोट घेतले. "कडू आहे मेलं," म्हणत तिने ग्लास ठेवला. आणि तिची वाकलेली पाठ सरळ झाली. पीठ झटकावं तसे तिने दोन्ही हात मांडीवर झटकले. तिच्या तोंडून तो जाड आवाज आला.

"तिची आई आली होती. दोनदा आली. मी दारातूनच परत पाठवली. ठकीला कळू देऊ नका."

मग तिला ठसका लागला. "फारच कडू बाई. काय झालं? मी काही बोलले का?"

तिच्या पाठीमागे उभा राहून दीर वहिनीला मानेनेच 'नको' म्हणत होता. एका शब्दात निभावलं असतं. वहिनीच्या ओठांवर तो शब्द आलाही होता. पण ती मावशीसमोर बसली, तिचा हात हातात घेतला आणि ऐकलं होतं तसंच्या तसं सांगितलं.

मावशीने समोरच्या ग्लासाकडे बघितलं.

"दोनदा?"

"हो."

"मी रांगत असताना आई घर सोडून गेली. आयुष्यभर मला वाटत आलं, तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही." तिने डोळे पुसले, उठली, भट्टीपाशी गेली आणि गार विटांवर तळवा ठेवला. "बाबा, असं करायला नको होतं तुम्ही."

 पलीकडच्या टेबलावरच्या मास्तरांनी अर्धा प्यायलेला ग्लास बाजूला सारला, डोकं टेबलावर टेकलं आणि ते हुंदके देऊन रडायला लागले. दिराने खांदा धरून हलवलं तेव्हा ते चक्रावून म्हणाले, "अरे, मला काय झालंय? मला कशाचंच दुःख नाहीये."

टाकी ओतली, उकळत्या पाण्याने धुतली. भट्टी मात्र तशीच ठेवली. वहिनीने फळ्यावर त्या बिअरच्या 'काय चुकलं'पुढे लिहायला खडू उचलला आणि काही न लिहिताच ठेवून दिला. बरण्या दिल्या होत्या त्या सगळ्यांना तिने फोन केले. दाढीने लगेच ओतून टाकलं. बाकीच्यांनी एव्हाना ते पुढे दिलं होतं, आणि त्या लोकांनी त्याच्या पुढे. कुठवर गेलं, कुणालाच सांगता येईना.

बऱ्याच महिन्यांनी एका अनोळखी बाईचा फोन आला. वहिनीने कधी नावही ऐकलं नव्हतं अशा गावात ती बिअर करत होती.

"तुमचा नंबर शोधत शोधत मिळाला," ती चाचरत म्हणाली. "वेड्यासारखं वाटेल, पण आमच्याकडे लोक पिता पिता मधेच एक नाव विचारतात. 'ठकी कुठंय? ठकी का येत नाही?' म्हणतात. ही ठकी कोण हो?"

वहिनी फोन ठेवून थेट मागच्या गल्लीत गेली. मावशी दारात बसून काज करत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, दातांनी दोरा तोडला आणि कापड उलटं केलं.

"विचारू दे," ती म्हणाली.