ऑर्गनमावशींची उभारणी

"मावशी, तुम्हाला पुस्तकातले सूर अजून दिसतात का हो?"

हा प्रश्न भर मंडळीत विचारून दाखव, अशी माझ्या मैत्रिणींची पैज होती. आणि वक्तृत्वात पहिली आल्यापासून माझी जीभ आवरत नाही.

आमच्या चर्चमध्ये उपासनेनंतर, चहाच्या आधी 'उभारणी' असते. एकेकाने उठायचं आणि दुसऱ्याबद्दल प्रेमाने चांगलं बोलायचं. टीका बंद. पद्धत इतकी गोड की दात किडावेत. आणि गाडी दर वेळी चर्चचा ऑर्गन वाजवणाऱ्या आमच्या ऑर्गनमावशींवर येऊन थांबते. हल्ली त्यांचं वाजवणं एवढं संथ झालंय की दोन कडव्यांमध्ये एक डुलकी काढून होते. त्यावर मंडळींनी प्रेमळ उपाय शोधला: सगळेच संथ गातात. मग उठून सांगतात, मावशी, आज काय भाव ओतलात. गायनाचं बघणारे माझे बाबा यात सगळ्यात पुढे. घरी येऊन मात्र खिशातला बाम काढून कपाळाला चोळतात.

मावशी अधूनमधून म्हणायच्या, आता मला मोकळं करा. मंडळींना ती नम्रता वाटायची. की लगेच आणखी उभारणी.

तर, मी विचारलं. आईने अशी नजर टाकली की घरी माझं काही खरं नव्हतं. पाळकसाहेब घाईने म्हणाले, लेकरू काळजीपोटी विचारतंय, मावशी तर आत्म्याच्या डोळ्यांनी वाजवतात. मागून दोघातिघांचं आमेन आलं.

मावशींनी चष्मा काढून पदराने पुसला.

"नाही दिसत गं. पाठ आहे तेवढं वाजवते. डॉक्टर म्हणतात, डोळ्यांना विश्रांती द्या. पण तुम्ही सगळे इतकं छान बोलता, मी थांबू कशी?"

मंडळी गहिवरली. सुतारकाका उठले आणि त्यांनी मावशींच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. मग पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारची गीतं मावशींना सांगून टाकली.

सगळे चहाला गेले. मावशी ऑर्गनपाशीच बसून होत्या. मी शाळेत थोडंफार वाजवते म्हटल्यावर त्या सरकल्या आणि मला शेजारी बसवलं. मी एक कडवं वाजवलं. त्या मन लावून ऐकत होत्या.

"डावा हात म्हणजे दगड आहे तुझा," त्या म्हणाल्या. "आणि पळतेस कुठे, कुत्रं मागे लागल्यासारखी? उद्यापासून शाळा सुटली की ये."

त्या चर्चमध्ये माझ्याबद्दल इतकं खरं कुणी बोललंच नव्हतं. मी अक्षरशः तरंगत घरी आले.

आई बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात मीच जाहीर केलं, "जमेल त्या रविवारपासून ऑर्गन मी वाजवणार. मावशी डोळे मिटून शेजारी बसतील आणि चुका काढतील. आणि बाबा, उभारणीत माझ्यासाठी उठलात, तर खिशातली बामची बाटली आधी सगळ्यांना दाखवायची."