जाऊबाईंचे मत

"मोठ्यानं बोल की गं! या यंत्राच्या घरघरीत निम्मी गोष्ट वाहून जाते माझी." थोरलीने चादरीची आपल्याकडची दोन टोके झटक्यासरशी ताणली.

"पोरगा घरातून निघाला, असं म्हटलं मी!" पलीकडून धाकटी ओरडली.

"कुठं निघाला?"

"मोठ्या बोटीवर, कामाला."

"आईला सांगून?"

"न सांगता."

दोघी चालत एकमेकींच्या समोर आल्या. टोकांना टोके भिडली. दोन चेहऱ्यांमध्ये वीतभर अंतर उरले, तेव्हा धाकटीच्या हातची टोके आपल्या हाती घेत थोरली हळूच म्हणाली, "चपलेनं बडवला पाहिजे मेल्याला." धाकटीने वाकून चादरीचा दुमडलेला काठ उचलला आणि ती मागे सरली. घडी पुरी झाली, गठ्ठ्यावर गेली, आणि दुसरी चादर उलगडली.

या दोघी एकाच घरात दिलेल्या सख्ख्या जावा होत्या, आणि एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरातील धुलाई विभागात चादरींच्या घड्या घालण्याचे काम करीत होत्या. हे काम एकटीने होत नाही. चादर मोठी, दोन हात अपुरे. म्हणून तिथे बायका जोडीजोडीने उभ्या राहत. इतर जोड्या बदलत, भांडत, फुटत. ही जोडी मात्र कधी बदलली नाही. भांडली पुष्कळ, पण ती हातातली चादर न सोडता.

धाकटीने प्रौढ वयात सायंशाळेत नाव घातले, तेही थोरलीच्याच हट्टापायी. दहावी झालेल्या बाईला वरच्या मजल्यावर रुग्णसेविकेचे काम मिळते, असे थोरलीच्या कानी आले होते. "दोघींनी कशाला या वाफेत उकडून निघायचं?" ती म्हणाली होती. "माझं डोकं दगड आहे. तुझ्यात जरा तरी माती आहे, काही उगवलं तर उगवेल."

थोरलीला अक्षरओळख नव्हती. परंतु आदल्या संध्याकाळी वर्गात जे शिकवले, ते दुसऱ्या दिवशी चादरींच्या घड्यांबरोबर तिला ऐकवावेच लागे. आणि मताच्या बाबतीत तर तिचे भांडार अक्षय होते. तहानभूक विसरून प्रयोगशाळेत बसणाऱ्या एका थोर शास्त्रज्ञावर धडा होता. तो ऐकून ती म्हणाली, "ताट झाकून कोण बसत होतं? तिचा धडा कुठाय?" राज्य सोडून वनात गेलेल्या राजाची कथा तिला मुळीच रुचली नाही. "कामचुकार," एवढ्या एका शब्दात तिने त्या महात्म्याची वासलात लावली. धाकटीने त्याच्या त्यागाची महती परोपरीने सांगून पाहिली. "त्याग कसला? मागं राहिलेल्यांनी निस्तरायचं ना सगळं?"

सायंशाळेचे शिक्षक तरुण होते, पण समंजस. "पुस्तकात काय आहे ते मला ठाऊक आहे," ते नेहमी सांगत. "वाचून तुम्हाला काय वाटलं, ते लिहा." धाकटीला काही वाटत नसे असे नव्हे, परंतु जे वाटे ते कागदावर येईपर्यंत विरून जाई. अखेर तिने एकदा लिहिले, 'माझ्या जाऊबाई म्हणतात की…' आणि पुढे जाऊबाईंचे म्हणणे जसेच्या तसे उतरवले.

सरांनी ते वाचले, हसले, पुन्हा वाचले. "काकू, विचार झकास आहे. पण परीक्षा जाऊबाईंची नाही, तुमची आहे. 'मला वाटते' असं लिहायचं."

"अहो सर," मागच्या बाकावरचा शिंपी म्हणाला, "घरात जावेचंच चालतं. मग इथं का नाही चालत?"

वर्ग हसला. सरांनी लाल शाईने 'जाऊबाई' वर रेघ ओढली. त्या दिवसापासून धाकटी 'मला वाटते' असे लिहू लागली, आणि तिला शाबासकी मिळू लागली. मनाला लागलेली ही टोचणी तिने थोरलीपाशी बोलून दाखवली, तेव्हा थोरलीला हसू आवरेना. "घे की गं, मी काय करू त्या मताचं? इतकी वर्षं घरात कुणी विचारलं नाही, निदान शाळेत तरी जाऊ दे."

अशा रीतीने वर्ष सरत आले, आणि पूरक वाचनाची छोटी कादंबरी हाती आली. नदीच्या उतारावर एकटी राहणारी होडीवाल्याची म्हातारी विधवा, आणि भांडून मोठ्या बोटीवर निघून गेलेला तिचा मुलगा, अशी ती कथा होती.

थोरलीलाही एकच मुलगा होता. तो मालमोटार चालवीत असे. त्याचा बाप गेला तेव्हा तो फार दूर होता. निरोप उशिरा पोहोचला, वाटेत गाडी बिघडली, आणि तो आला तेव्हा सगळे आटोपून गेले होते. थोरली दारात उभी राहिली. चार माणसांदेखत म्हणाली, "ज्यांच्यासाठी यायचं ते गेले. आता तुझं इथं काय काम?" मुलाने पायातले बूटही काढले नव्हते. तो आल्या पावली माघारी गेला, तो परत आलाच नाही. कधीमधी धाकटीला त्याचा फोन येई. फोन वाजला की थोरली भांडी घासायला उठे, मग भांडी घासलेली असोत की नसोत. तिच्यासमोर त्याचे नाव घ्यायचे नाही, असा त्या घराचा दंडक होऊन बसला होता. धाकटी तो इमानाने पाळीत होती.

कादंबरी निम्मी झाली, आणि थोरलीच्या पोटात दुखू लागले. तिने अंगावर काढले. एके दिवशी चादरीची टोके हातात असतानाच ती मटकन खाली बसली. ज्या रुग्णालयाच्या चादरी तिने जन्मभर घडी केल्या, त्याच रुग्णालयाच्या खाटेवर तिला नेऊन निजवले. डॉक्टरांनी धाकटीला बाजूला घेऊन सांगितले, की आता फार काही हातात नाही.

भेटीच्या वेळी धाकटी वर गेली, तेव्हा थोरली अंथरलेली चादर बोटांनी चाचपत होती.

"ही घडी कुणी घातली गं? आंधळ्यानं?"

"नवीन बाई आहे, जाऊबाई. शिकतेय."

"तिला सांग, काठाला काठ लाव म्हणावं. माणूस आजारी असला तरी त्याला बोचतं." मग ती उशीला टेकली. "हं. काय झालं त्या म्हातारीचं?"

धाकटीने पुस्तक उघडले. आता मध्ये यंत्रांची घरघर नव्हती; हळू आवाजात वाचता येत होते. म्हातारी रोज उतारावर बसते. होडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाचे तोंड न्याहाळते. पण मुलाविषयी कुणालाही, काहीही विचारीत नाही.

"का नाही विचारत?" थोरली चिडली. "जीभ झिजते का तिची?"

"रुसलीय ती त्याच्यावर."

"हे काय रुसायचं वय आहे?" थोरली छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बरं, तिला नाही जमत. असतं एखादीचं तोंड तसलं, उघडत नाही. पण घरात दुसरी बाई आहे ना? इतकी वर्षं बरोबर काढली, तिला कळू नये? तिनं आपणहून निरोप धाडायचा की. म्हातारीच्या तोंडून वदवून घ्यायलाच पाहिजे का?"

"बरोबर आहे," धाकटी म्हणाली, आणि हे उद्या वर्गात लिहायचे म्हणून तिने ते मनात घोळवून ठेवले.

दुसऱ्या संध्याकाळी तिने ते लिहिले. सरांनी सर्वांना वाचून दाखवले. "वा, काकू! एका माणसाचं मौन हा साऱ्या घराचा दोष असतो, असं तुम्हाला म्हणायचंय. फारच सुंदर." मग कागद खाली ठेवत त्यांनी सहज विचारले, "फक्त एक शंका आहे. या कादंबरीत दुसरी बाई कोण? म्हातारी तर एकटीच राहते ना?"

धाकटीने आठवून पाहिले. झोपडी होती. नदी होती. एक लंगडे कुत्रे होते. येणारेजाणारे उतारू होते. घरात दुसरी बाई नव्हती. कुठल्याच पानावर नव्हती.

"शेजारीण असेल," शिंपी म्हणाला.

धाकटी उभी राहिली. तिच्या चेहऱ्याकडे पाहून शिंप्याने पुढचा विनोद गिळला.

"सर, मी जाऊ का?"

"बरं वाटत नाही का, काकू?"

ती तशीच वर्गाबाहेर पडली. शाळेच्या पायऱ्यांवर उभे राहून तिने फोन लावला. पलीकडे इंजिनाचा आवाज होता, तो बंद झाला.

"काकू?"

"आई दवाखान्यात आहे. जास्त आहे."

मग प्रश्न आला, "तिनं बोलावलंय?"

इतक्या दिवसांत धाकटीने 'मला वाटते' असे किती वेळा लिहिले असेल. परंतु स्वतःच्या जबाबदारीवर बोलण्याची पाळी तिच्यावर आज प्रथमच आली होती.

"मी बोलावतेय," ती म्हणाली. "ये."

"लांब आहे गं मी. गाडी भरलेली आहे. दोन दिवस तरी लागतील."

"लागू देत. नीघ तू."

दुसऱ्या दिवशी थोरली फारशी बोलली नाही. ओठ सुकले होते. धाकटीने चमच्याने पाणी पाजले आणि पुस्तक मांडीवर उघडले. त्या पानावर पुराचे वर्णन होते. धाकटीने अक्षरांवर बोट ठेवले, वाचत असल्यासारखा आवाज लावला, आणि म्हणाली, "निघालाय तो."

"कोण?"

"होडीवाल्याचा पोरगा. बोटीवरचं काम टाकून घरी यायला निघालाय."

थोरलीने मान वळवून तिच्याकडे पाहिले. "पुस्तकात असं आहे?"

"आहे."

"कुणी कळवलं त्याला?"

"दुसऱ्या बाईनं."

थोरलीने डोळे मिटले. तिला झोप लागली असे समजून धाकटी पुस्तक मिटणार, तोच खाटेवरून आवाज आला. "कुठवर आलाय?"

"वाटेत आहे."

"घाई करू नको म्हणावं. रात्रीचं चालवू नको म्हणावं त्याला."

धाकटीने पानावरून नजर वर केली नाही. तिला पान दिसतही नव्हते. "सांगते," ती म्हणाली.

थोरली त्या रात्री गेली. मुलगा आला तो तिसऱ्या दिवशी दुपारी. याही खेपेला सगळे आटोपून गेले होते; धाकटीने ते त्याला वाटेतच फोनवर कळवले होते. घराच्या दाराशी तो गेलाच नाही. थेट रुग्णालयाच्या मागच्या फाटकातून आत आला. धाकटी नेमकी तिथेच, धुलाई विभागाबाहेरच्या बाकावर बसली होती. तिची कामाची पाळी होती, पण नवीन बाई आली नव्हती, समोर उभे राहायला कुणी नव्हते, म्हणून मुकादमाने तिला बाहेर बसवले होते.

मुलगा पोक्त दिसू लागला होता. कानशिलांवर पांढरे केस आले होते. तो तिच्या पाया पडायला वाकला, अर्ध्यावरच थांबला, आणि शेजारी बसला. आतून यंत्रांची घरघर येत होती.

"माझं नाव काढलं होतं का गं तिनं?" त्याने विचारले. "कधी? एकदा तरी?"

धाकटीच्या तोंडाशी 'हो' आले होते. ते सांगणे सोपे होते, आणि त्यात पापही नव्हते. परंतु थोरलीने जे उभ्या जन्मात केले नाही, ते ती गेल्यावर तिच्या नावावर घालायला धाकटीचे मन धजेना.

"नाव नाही काढलं," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. जणू हे त्याला येतानाच ठाऊक होते. तेवढ्यात फाटकावरून पहारेकरी ओरडला, "ओ गाडीवाले! वाट अडलीय सगळी. काढा आधी ती!"

मुलगा उठला. "येतो, काकू," एवढेच म्हणाला. त्याची पाठ फाटकाबाहेर जाताना तिने पाहिली. इंजिन सुरू झाले. गाडी हलली, तिचा आवाज भिंतीच्या कडेकडेने दूर जात नाहीसा झाला. असाच तो एकदा दारातून गेला होता, आणि त्या वेळीही धाकटी अशीच नुसती बघत राहिली होती. आपण खरे बोललो की त्याचा घात केला, हे तिला उमगेना.

काही वेळाने बाकावर सावली पडली. तो उभा होता. हातात गाडीची किल्ली होती, कपाळावर घाम होता. जागा मिळेपर्यंत बरेच लांब जावे लागले असावे.

"नाव नाही काढलं म्हणालीस," तो म्हणाला. "मग काय म्हणायची?"

धाकटीने सरकून त्याला जागा करून दिली. "शिव्याच जास्त आहेत," ती म्हणाली.

"चालतील."

"पुस्तकातल्या एका बोटीवरच्या पोराला दिलेल्या आहेत. पण ऐक." तिने घसा साफ केला. वर्गात उत्तर देताना करी, तसा. "म्हणाल्या, एवढा मोठा घोडा झाला, समुद्रावर जातो म्हणे, आणि अंगात धड स्वेटर आहे का त्याच्या?"

त्याने आपल्या शर्टाच्या बाहीकडे पाहिले. मग किल्ली खिशात टाकली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि मान खाली घातली.

"हं," तो म्हणाला. "अजून?"