मेलेल्या बॅटऱ्यांचा बाबा

ल्युबेनच्या गुत्त्यासमोर त्या सकाळी अख्खं गोर्नो लोझे गाव लोटलं होतं. नाकाचे शेंडे लाल, तोंडातून वाफा, आणि प्रत्येकाच्या हातात एक मेलेली बॅटरी. कुणाची ड्रिलची, कुणाची करवतीची, पण बहुतेकांची द्राक्षवेली छाटायच्या कात्रीची. द्राक्षमळ्यांचा राखणदार संत त्रिफोन, त्याचा दिवस आठवड्यावर आला होता, छाटणी तोंडावर होती, आणि नेमक्या त्याच वेळी गावातल्या बॅटऱ्यांनी एकजात मान टाकली होती. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात ना, तसं झालं होतं.

आणि गुत्त्याच्या पायरीवर उभा होता गाव्रिलबाबा! गुडघ्यापर्यंत मेंढीच्या कातड्याचा डगला, पोटापर्यंत दाढी, आणि पायाशी एक लाकडी पेटी.

"लेकरांनो, वीज म्हणजे काय?" बाबा गरजला. "वीज म्हणजे जीव! कारखानेवाले त्याला डबीत कोंडतात. कोंडलेला जीव रुसतो. रुसलेला जीव निघून जातो. त्याला परत कोण बोलावणार? कंपनी? कंपनी म्हणते नवी घ्या! पण माझ्या या पेटीवर वीज पडलेल्या अक्रोडाची फळी आहे. ही फळी हाक मारते आणि जीव धावत येतो!"

बाबाने पेटी उघडली, आतली एक बॅटरी काढून कात्रीला लावली आणि जाडजूड काडीवर धरली. खच्च! काडीचे दोन तुकडे. बॅटरीवरचे चारही दिवे हिरवेगार. तासाभरापूर्वी हीच बॅटरी सगळ्यांसमोर एकदा गुरगुरून बंद पडली होती. बायकांनी छातीवर क्रूस काढले, आणि ल्युबेनने तर टोपीच काढली.

गर्दीच्या मागे रायना बाई उभ्या होत्या. तीस वर्षं त्यांनी या गावातल्या पोरांना शाळेत शिकवलं होतं. काळी मांजर आडवी गेली म्हणून रस्ता बदलणाऱ्या पोराला त्या तोच रस्ता परत चालायला लावत. अशा बाई त्या सकाळी रांगेत उभ्या होत्या.

"अगं बाई! बाई, तुम्ही?" शेजारची पेन्का ओरडलीच. ती बाईंचीच विद्यार्थिनी, त्यामुळे तिला गुदगुल्या झाल्या होत्या. "तुम्हीसुद्धा बाबांकडे?"

"मी नुसतं बघायला आलेय."

"मग त्या जाळीच्या पिशवीत काय आहे? कांदे?"

बाईंनी पिशवी पाठीमागे घेतली. पिशवीत दोन बॅटऱ्या होत्या, आणि त्या दोन बॅटऱ्यांवर त्यांचा मळा टांगलेला होता. संधिवाताने बाईंची बोटं वाकडी झाली होती, साधी कात्री आवळता येत नव्हती. मुलगा प्लामेन शहरात राहायचा. "आई, मळा उपटून टाकू," असं तो दोन वर्षं म्हणत होता. शेवटी त्यानेच ही बॅटरीवरची कात्री आणून दिली आणि अट घातली, की त्रिफोनच्या दिवसापर्यंत मळा छाटून झाला तर राहील, नाहीतर उपटायचं यंत्र येईल. बाईंनी ताठ मानेने कबूल केलं होतं. नवऱ्याच्या हातच्या वेली होत्या त्या. आणि आता कात्री चार वेली छाटते न छाटते तोच बंद पडत होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय!

बाबाने त्यांच्या दोन्ही बॅटऱ्या हातात घेऊन कानाला लावल्या. "हिच्यात धुगधुगी आहे, ही उठेल. पण ही..." त्याने डोळे मिटले. "ही मेली. मेलेली बॅटरी घरात ठेवू नका, मुळावर येते. माझ्या पोत्यात टाका. मी तिला ओकच्या झाडाखाली विधिवत पुरतो."

पोतं आधीच अर्धं भरलं होतं. दक्षिणा म्हणून बाबा फक्त राकिया दारूची बाटली आणि चीज घेत होता. किती निःस्वार्थी माणूस, असं सगळे म्हणत होते.

दुपारी बाईंना उठलेली बॅटरी मिळाली. चार दिवे. त्या जवळजवळ धावतच मळ्यात गेल्या. पहिली ओळ लोण्यासारखी कापली गेली. दुसऱ्या ओळीत बर्फावरून वारा सुटला, कात्री कण्हली, आणि तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी गप्प झाली. एकच दिवा लुकलुकत होता.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मळा गेला, असं त्यांना तिथेच वाटलं. आणि त्याहून जास्त राग आला तो स्वतःचा. "रायना, त्या दाढीवाल्यापुढे हात पसरलेस, आणि काय मिळालं?"

एरवी त्या बॅटरी कोठारात पिंपाशेजारी ठेवत. छाटणीचं हत्यार घरात आणलं की घरात भांडणं येतात, असं गोर्नो लोझेमध्ये मानतात. पणजोबांचा विळा कोठारात राहायचा, बापाची कात्री कोठारात राहायची, म्हणून बॅटरी आणि चार्जरही कोठारातच, उणे दहाच्या गारठ्यात. पण त्या दिवशी बाई इतक्या तणतणत आल्या, की कोठाराची आठवणही झाली नाही. स्वयंपाकघरात शिरल्या आणि बॅटरी बाकावर भिरकावली. तिथे दह्याचं मडकं विरजण लावून घोंगडीत गुंडाळलेलं होतं. बॅटरी घरंगळत घोंगडीच्या घडीत गेली.

सकाळी दही लागलं का ते बघायला बाईंनी घोंगडी उकलली. दही छान लागलं होतं. आणि शेजारची बॅटरी हाताला कोमट लागत होती. सहज बटण दाबलं, तर तीन दिवे! चार्जरला तर लावलीच नव्हती.

"आता हिला कोणी हाक मारली?" बाई मोठ्याने म्हणाल्या. घरात फळी नाही, बाबा नाही, दाढी तर नाहीच. फक्त दही होतं.

मग बाईंच्यातली मास्तरीण जागी झाली. कात्रीला लावून चुलीजवळच्या सरपणावर चालवली, खच्च. बॅटरी खिडकीबाहेर बर्फात ठेवली, चहा प्यायल्या, परत लावली. घुर्र, आणि बंद. पुन्हा घोंगडीत ठेवली, भांडी घासली, परत लावली. खच्च! तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच.

"गारठली होती गं बिचारी," त्या म्हणाल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. "आणि आम्ही तिला पुरायला निघालो!"

या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी गुत्त्यासमोर गर्दी आणखी वाढली होती. शेजारच्या गावांतूनही लोक आले होते. बाई नुकतंच विरजण लावून घोंगडीत गुंडाळलेलं कोमट मडकं काखोटीला मारून सरळ पायरीवर चढल्या.

"बाबा, मलाही सिद्धी मिळाली आहे," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "मेलेली बॅटरी द्या कुणीतरी."

पेन्काने गोठलेली बॅटरी पुढे केली. बाईंनी ती घोंगडीत मडक्याशेजारी खुपसली, डोळे मिटले आणि पाद्र्यासारखं नाकातल्या सुरात भरभर सुरू केलं, "दूध तापवावे, बोट सोसेल इतके निववावे, विरजण चमचाभर घालावे, घोंगडीत गुंडाळावे, हलवू नये..."

लोक हात जोडून ऐकत होते. ल्युबेन पेन्काच्या कानाशी लागला, "लॅटिन असेल."

"लॅटिन कसलं, मेल्या, दह्याची कृती आहे ती! माझी आई रोज म्हणते!"

बाईंनी सगळ्यांना गुत्त्यात नेलं, चहा मागवला, आणि चांगल्या गप्पा मारून झाल्यावर बॅटरी काढली. कात्रीने काडी कचकन तोडली. गुत्ता थक्क झाला.

"थोतांड!" गाव्रिलबाबा ओरडला. "ही माझ्या फळीची ताकद! लांबून लागू पडली!"

"असं? मग तुझी पेटी उघड बघू."

"उघडू नका! आतली ठिणगी डोळे घालवील!"

"माझे डोळे तसेही मोतीबिंदूने चाललेत," असं म्हणत बाईंनी झाकण उचललं. आत कोकराचं मऊ कातडं होतं. कातडं बाजूला सारल्यावर खाली एक जाडजूड वीट निघाली. पेन्काने हात लावला आणि चटका बसून झटकला.

"अरे, ही तर माझ्या भट्टीची वीट!" ल्युबेनला आता उजेड पडला. "रोज पहाटे पाय शेकायला म्हणून नेत होता!"

हशा पिकला. तरी बाबा डगमगला नाही. "जग उबेवरच चालतं, बाई. मी खोटं काय बोललो?"

"वीट आहे म्हणाला असतास तर मीच तुला राकिया पाजली असती. आता ते पोतं आण."

पोत्यातल्या बॅटऱ्या भट्टीपासून हातभर लांब, बाकावर मांडल्या. "जवळ नको, जास्त तापली तर तीही वाईट," बाई म्हणाल्या. ऊब लागली तशी एकेक बॅटरी कात्रीला लावून बघितली. एक चालली, दुसरी चालली, तिसरी चालली... आपापल्या बॅटऱ्या ओळखून लोकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओकखाली पुरायच्या या बॅटऱ्या खरं तर शहराच्या बाजारात विकायला जाणार होत्या, हे कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

एक बॅटरी मात्र चालली नाही. बाईंचीच, दुसरी. पुन्हा शेकली, चार्जरला लावली. काही नाही.

"बघा!" बाबाने उडी मारली. "मी म्हणालो होतो, मेली!"

"म्हणालास खरं," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज शाळेतलाच होता. "पण पोत्यातल्या सगळ्यांनाच तू मेली म्हणालास, त्यात एक खरी निघाली. ही मी मारली. गोठलेली बॅटरी तशीच कोठारात चार्ज करत राहिले, सबंध हिवाळा. त्याने ती आतून खराब होते, कायमची, काल कात्रीबरोबरच्या कागदात वाचलं. हिला वीट उठवणार नाही, फळी उठवणार नाही, माझं दहीही उठवणार नाही."

"म्हणजे तुमच्यात सिद्धी नाही?" ल्युबेन हिरमुसला.

"गाढवा, शाळेत तुला काय शिकवलं मी? उठली तर फळीची ताकद, नाही उठली तर मेली; बाबा कधी चुकतच नाही, तिथेच ओळखायचं! अमुक होईल आणि अमुक होणार नाही, असं जो सांगतो त्याचं ऐका. आणि त्यालाही विचारा, कशावरून? हत्यार घरात आणलं की भांडण होतं, यावर माझा कधी विश्वास नव्हता. तरी मी ते बाहेरच ठेवत राहिले, कारण कधी विचारलंच नाही. विश्वास नसताना पाळली, म्हणून काय ती अंधश्रद्धा कमी झाली?"

सगळे बाईंकडे बघत होते. तेवढ्यात गाव्रिलबाबा मागच्या दाराने पसार झाला. पेटी मागेच राहिली. ल्युबेनने आपली वीट काढून घेतली.

बाई उठल्या. एका बॅटरीवर अख्खा मळा व्हायचा नव्हता, हे त्यांना कळत होतं. त्या दाराशी पोचल्या तोच पेन्काने कोटाच्या आत हात घातला आणि छातीशी धरलेली आपली बॅटरी काढली.

"बाई, आपल्या सगळ्यांच्या कात्र्या एकाच कंपनीच्या. ही घ्या. तुमची संपली की ही, ही संपली की ल्युबेनची. आम्ही कोटात घेऊन येतो मागोमाग."

"मंत्र म्हणायचा का बरोबर?" ल्युबेनने विचारलं.

"काड्या गोळा करायच्या," बाई म्हणाल्या.

त्रिफोनच्या दिवशी प्लामेन आला तेव्हा मळा छाटून झाला होता. शेवटच्या ओळीत वेलीच्या मुळाशी वाइन ओतून गाव गात होता, आणि बाईही गात होत्या. मुलाला बघून त्या गायच्या थांबल्या. प्लामेन ओळींमधून हळूहळू चालत गेला, बापाने लावलेल्या जुन्या वेलीपाशी वाकला, काप नीट बघितला आणि परत आला.

"आई, दुसरी बॅटरी मेली म्हणे? पुढच्या हंगामाला नवी आणू का?"

पुढच्या हंगामाला! बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी भर मळ्यात त्या दांडग्या मुलाचे गाल धरून मुका घेतला.

"आण. पण दुकानातून, पावती घेऊन. आणि कुणी म्हणालं की ही कधीच मरत नाही, तर त्याच्याकडून घेऊ नकोस."