एकदाच वापरायचा चमचा

सगळ्यात आधी गुंडोअण्णांचा लेथ थांबला. मी दुपारचा डबा घेऊन बंगळुरात पीण्याच्या कारखानवस्तीतल्या आमच्या शेडमध्ये शिरत होते. आमच्या यांच्या टेबलावर कुणीतरी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक भलंमोठं पुडकं सोडलं होतं, आणि आत गाईची कवटी होती. शिंगांसकट.

‘‘अय्यो रामा,’’ गुंडोअण्णा म्हणाले, ‘‘जयसिंगराव, नवरात्र तोंडावर आलंय आणि हे काय मांडून बसलात?’’

पुडकं आणणारे गृहस्थ ओशाळले. ते डॉक्टर हयवदन, हेब्बाळच्या बाजूला सरकारी प्रयोगशाळेत गुरांच्या रोगांचं काम करायचे. शिक्षण मुंबईला परळला झालेलं, त्यामुळे आमच्याशी मराठीतच बोलायचे आणि त्याचा त्यांना फार आनंद व्हायचा.

‘‘वहिनी, घाबरू नका, उकळून साफ केलेली आहे,’’ ते म्हणाले. ‘‘इंग्लंडात गाई लटपटत मेल्या ना, पेपरात आलं होतं? तो रोग मेंदूच्या देठात सापडतो. आपल्याकडे नाहीये. पण नाही म्हणायलाही पुरावा लागतो हो. पूर्वी मेंदूचे काप काढून रंगवून बघायला आठवडे जायचे. आता नवीन तपासणी निघालीय, एका दिवसात उत्तर. फक्त देठ अख्खा निघाला पाहिजे.’’

‘‘मग अडलंय कुठे?’’ मी विचारलं.

‘‘चमच्यापाशी. कवटीला मागून हे भोक असतं, त्यातून लांब दांड्याचा चमचा घालून देठ काढतात. बाहेरून आलेला चमचा आपल्या गावठी गाईला बसतच नाही. रुंद पडतो, सगळं फाटून येतं. मग कुऱ्हाडीनं डोकं फोडायचं. आणि गाईच्या डोक्यावर कुऱ्हाड कोण चालवू देणार?’’

आमचे हे कवटीजवळ सरकले. त्यांनी त्या भोकात अंगठा घातला, मग दोन बोटं घातली आणि आत चाचपत राहिले. डबा उघडून पुढे ठेवला तरी लक्ष नाही. तेव्हाच मी ओळखलं की आता या घरात महिनाभर दुसरा विषय निघणार नाही.

यांच्या घरचे लोक म्हणे शहाजीराजांबरोबर बंगळुरात आले. आले असतील बापडे. मी मिरजेहून लग्न होऊन आले तेव्हा त्या पराक्रमाची खूण म्हणून एक गंजकी तलवार आणि कन्नडचं भरपूर पाणी घातलेली मराठी एवढंच शिल्लक होतं. यांनी पीण्यात शेड घेतली आणि उभा जन्म दुसऱ्यांसाठी बुश आणि पिना कातल्या. त्या कुठल्या पंपात बसतात, कुठल्या गावाला जातात, काही कळायचं नाही. पंपावर नाव कारखान्याचं. ‘‘आपली म्हणावी अशी एक वस्तू हातून व्हायला हवी होती,’’ असं कधीमधी जेवताना म्हणायचे आणि ताक मागायचे. मला त्या वाक्याचं वाईट वाटायचं, पण मी ताकच वाढायची.

आता ती वस्तू चालून आली होती. माझ्या स्वयंपाकघरातले चमचे एकेक करून शेडमध्ये गेले आणि परत आले ते वाकून. चिंचेच्या लाकडाचा ठोकळा खोदून त्यात यांनी पत्रा ठोकून वाटी काढायला सुरुवात केली. पुढच्या ओठाला धार, कडा मात्र बोथट, म्हणजे देठ सुटेल पण फाटणार नाही. कवटीत घालायचे, काढायचे, मान हलवायचे, पुन्हा ठोकायचे.

गुंडोअण्णा हे सगळं पाठमोरे बसून ऐकत. शेड उघडल्यापासूनचा हा माणूस, वयानं यांच्याहून मोठा, बेळगावकडचा. घरी गाय पाळलेली. त्यांनी एकदाच सांगून टाकलं, ‘‘बेडा जयसिंगराव, नको. त्या कामाला माझा हात लागायचा नाही. आणि खंडेनवमीला हा चमचा पूजेच्या रांगेत ठेवलात, तर त्या दिवशी मी येणार नाही.’’

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रं धुतात, हत्यारं केळीच्या पानावर मांडतात आणि दारात कोहळा फोडतात. कोहळा दरवर्षी गुंडोअण्णाच फोडत आले होते. ते नाहीत तर पूजा कसली? पण यांनाही तो चमचा रांगेत हवाच होता. मला म्हणाले, ‘‘सुनंदा, एवढ्या वर्षांत त्या पानावर माझं असं काही ठेवलं नाही मी. यंदा ठेवणार.’’ एकीकडे जन्माचा सोबती, दुसरीकडे जन्माची हौस. मी दोघांना समजावायला गेले आणि दोघांची बोलणी खाल्ली.

पहिले काही चमचे डॉक्टरांनी नेले. आठवडाभरानं ते धावतच आले. ‘‘अख्खा देठ! लोण्यातून सुरी काढावी तसा!’’ यांनी कन्नडात नुसतं ‘‘सरी’’, म्हणजे बरं, म्हटलं, पण कान लाल झाले होते.

‘‘फक्त एक सांगायचं राहिलं होतं,’’ डॉक्टर चाचरले. ‘‘हे चमचे एकदा वापरले की टाकून द्यायचे. या रोगाचं विष पोलादाला चिकटून बसतं, उकळूनही जात नाही. एका जनावराला एक चमचा. परत मिळणार नाही.’’

यांच्या हातात तेव्हा एक चमचा होता. सगळ्यात चांगला उतरलेला, पॉलिश करून करून आरसा केलेला. पूजेसाठी म्हणून वेगळा ठेवलेला.

‘‘एकदाच?’’ यांनी विचारलं.

‘‘एकदाच. तेव्हा एवढं पॉलिश वगैरे नको. कामचलाऊ चालेल.’’

‘‘नाही चालणार,’’ हे म्हणाले. ‘‘एकदाच जायचाय ना आत? मग त्या एकदा तरी नीट जाऊ दे.’’

गुंडोअण्णांनी लेथवरून मान वळवून पाहिलं.

नवरात्र बसलं आणि मधल्याच एका सकाळी गुंडोअण्णा कामाला आले नाहीत. दुपारी निरोप आला, केंपी गेली. केंपी म्हणजे त्यांची तांबडी गाय. आम्ही दोघं गेलो. डॉक्टरांना यांनीच फोन करून बोलावून घेतलं.

इंडस्ट्रियल एरियाच्या मागे जुनं गाव आहे, तिथल्या गोठ्यात केंपी आडवी पडली होती. दोन दिवस पाय कापत होते, उभी राहायला गेली की पडत होती, असं गुंडोअण्णांच्या बायकोनं रडत सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

‘‘पिसाळीही असू शकते, पिसाळलेलं कुत्रं चावून होते ती,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘घरात दूध कुणी प्यायलंय?’’

‘‘सगळ्यांनी,’’ गुंडोअण्णा म्हणाले. ‘‘शेजाऱ्यांनी पण.’’

‘‘मग तपासल्याशिवाय चालणार नाही, अण्णा. मेंदू बघावाच लागेल.’’

‘‘डोकं कापू देणार नाही. माझ्या दारात जन्मलेली आहे ती. अख्खीच पुरणार.’’

मग गुंडोअण्णांनी यांच्याकडे पाहिलं. ‘‘जयसिंगराव, तुमच्या त्या चमच्याला डोकं कापावं लागतं?’’

‘‘नाही. मानेवर मागून एक छेद. नंतर टाका घालता येतो.’’

‘‘आणलाय?’’

डॉक्टरांकडचे संपले होते, नवे अजून ठोकळ्यावर अर्धेमुर्धे होते. पण पूजेचा तो चमचा यांच्या खिशात होता, मऊ फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेला. नव्या जावयाला मिरवावं तसा तो सगळीकडे मिरवत होते आणि त्यावरून मी त्यांना सकाळीच हसले होते. आता मला हसू येईना. एकदा दिला की तो जाणार, हे मला माहीत होतं आणि यांनाही. यांनी फडकं सोडलं, चमचा डॉक्टरांच्या हातात दिला आणि फडकं परत खिशात घातलं.

डॉक्टरांनी हातमोजे चढवले. गुंडोअण्णा केंपीच्या पाठीशी बसले आणि तिच्या पाठीवर हात ठेवून राहिले. छेद तळहाताएवढाही नव्हता. चमचा आत गेला, थोडा वळला आणि बाहेर आला. देठ आणि चमचा दोन्ही डब्यात बंद झाले. डॉक्टरांनी टाके घातले. संध्याकाळी केंपीला हळदकुंकू लावून पुरलं, तेव्हा तिला काही केलंय असं वाटतसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः सांगायला आले. पिसाळी नाही, तो परदेशी रोगही नाही. अंगातले क्षार कमी पडून गेली असावी. दूध प्यायलेल्या कुणाला भीती नाही. गुंडोअण्णांच्या बायकोनं तिथेच जमिनीला डोकं टेकलं.

खंडेनवमीला मी पहाटेच शेडमध्ये गेले. यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या, पान मांडलं. घरी सुतक पडावं तसं दुःख असताना गुंडोअण्णा येतात की नाही, कुणास ठाऊक. यांनी हातोडे, कानशी, व्हर्नियर ओळीनं लावले.

‘‘अहो, नव्यातला एखादा चमचा ठेवा की,’’ मी म्हटलं.

‘‘ते अजून पुरे झालेले नाहीत. अर्धवट वस्तू देवापुढे ठेवू नये.’’

तेवढ्यात गुंडोअण्णा दारात उभे. अंघोळ करून, पांढरं धोतर नेसून, काखेत कोहळा. कोहळा खाली ठेवून ते पानाशी आले आणि रांग पाहिली.

‘‘कुठंय तो?’’

‘‘कोण?’’ हे म्हणाले, जसं काही कळलंच नव्हतं.

गुंडोअण्णा खाली बसले. हातोडे जरासे डावीकडे सारले, कानशी उजवीकडे सारल्या. मधे चमच्याच्या लांबीएवढं रिकामं पान राहिलं. त्या हिरव्या पानावर त्यांनी बोटानं हळद लावली, कुंकू लावलं, एक झेंडूचं फूल ठेवलं.

‘‘अक्का, घ्या ओवाळून,’’ ते मला म्हणाले.

मला यांचा किती अभिमान वाटला ते मी कधी बोलले नाही, तेव्हाही नाही बोलले. मी तबक उचललं. लेथला ओवाळलं, ड्रिलला ओवाळलं, हातोड्यांना ओवाळलं. त्या रिकाम्या पानापुढे मात्र जरा जास्त वेळ ओवाळत राहिले.