छकुलीच्या कमरेचा दोरा

वच्छलाबाईंचा फायदा काय होता, तो आधी मांडू. देऊळघाटच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीतला संडे स्कूलचा वर्ग त्यांच्या सुनेच्या, पुष्पांजलीच्या, हाती येणार होता. वर्ग आला की नाताळचं नाटक आलं. नाटक आलं की मरिया कोण आणि मेंढरं कोण, हे ठरवणं आलं. मग ज्यांच्या लेकरांना मेंढरू व्हायचं नाही, त्या साऱ्या आया डिसेंबरभर वच्छलाबाईंच्या दारात. एवढं सगळं एका प्रार्थनेत! बी मूठभर, पीक पोतंभर.

अडचण एकच. वर्ग तानाबाईंकडे होता आणि तानाबाईंचा जीव वर्गात होता. नवरा गेल्यापासून आठवड्यात त्यांना खरी सकाळ एकच, रविवारची. बाकीच्या दिवशी नुसतं उजाडायचं.

पावसाळा सरताना त्यांची नात छकुली तापानं फणफणली. लेक-जावई कामापायी पुण्याला. शेजारच्या भिमाबाईच बुलढाण्याच्या दवाखान्यात पोरीला मांडीवर घेऊन बसल्या, आपली सोंगणी तशीच टाकून. ताप उतरला, तेव्हा घरच्या देवीपुढं ठेवलेला काळा दोरा त्यांनी छकुलीच्या कमरेला बांधला. तानाबाईंच्या तोंडून 'नको' निघालं नाही. दोरा फ्रॉकखाली राहिला.

पण मन खाऊ लागलं, म्हणून त्या मैत्रिणीकडे गेल्या.

"कोणाले सांगू नको वो, वच्छला. तू फक्त माह्यासाठी प्रार्थना कर."

"तू काऊन भेतं? माह्या पोटात गेलं ते गेलं."

वच्छलाबाईंनी शब्द पाळला. प्रार्थनाच केली. फक्त शुक्रवारच्या सभेत केली आणि मोठ्यानं केली.

"हे प्रभू, आमच्या तानाबहिणीवर दया कर. तिचा विश्वास डळमळला, बापा. घरातल्या लेकराच्या कमरेले काळा दोरा हाय. आन् तिच्या हाताखाली शिकतात त्या कोवळ्या जीवायले तूच सांभाळ!"

मिटलेल्या डोळ्यांपैकी निम्मे उघडले. 'आमेन' मात्र सगळ्यांचं आलं. सवयीनं तानाबाईंचंही आलं, आणि त्याचीच त्यांना पुढं जास्त चीड येत राहिली.

बाहेर चपला घालताना त्यांनी वच्छलाबाईंना गाठलं. "हे काय केलं वो?"

"प्रार्थनाच त केली! तूच म्हणली होती."

चर्चचे पाळकसाहेब वयानं लहान, बोलायला गोड. म्हणाले, "तानाबाई, दोरा काढून टाका. मग वर्गाचं बघू."

त्या 'बघू'वर तानाबाईंनी घर गाठलं. छकुलीला पाटावर उभं केलं आणि विळ्यानं दोरा कापला. गुदगुल्या होऊन पोरगी खिदळली. दोरा चुलीत गेला.

दुसऱ्या दिवशी भिमाबाई अंबाडीची भाजी घेऊन आल्या. छकुलीला कडेवर घेतलं, आणि रोजच्यासारखा त्यांचा हात तिच्या कमरेवर गेला. तिथंच थांबला.

"तुटला का वो?"

'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण खोटं बोलू नये, हा धडा तानाबाईंनीच गावातल्या निम्म्या पोरांना शिकवलेला.

"तोडला. आमच्या चर्चमंदी चालत नाही."

"मंग दवाखान्यात माह्या मांडीवर निजली, ते चाललं?"

शेजारी म्हणजे कोण, हाही बायबलातला एक धडा होता. तानाबाई तो दरवर्षी हातवारे करून शिकवायच्या. आज त्यातलं एकही वाक्य आठवेना. भिमाबाईंनी पोरीला खाली ठेवलं आणि भाजीची वाटी ओट्यावरच सोडून त्या निघून गेल्या.

रविवारी वर्गाच्या खोलीत पुष्पांजली फळ्यापुढं उभी. पोरं तानाबाईंना पाहून उठली, मग नव्या बाईंकडं पाहून बसली. पाळकसाहेब गोड आवाजात म्हणाले, "नाताळ जवळ आला, तानाबाई. आता पुन्हा बदल नको."

तर जमाखर्च असा. पुष्पांजलीला वर्ग मिळाला, वच्छलाबाईंना मेंढरं, पाळकसाहेबांना शांतता. तानाबाईंना दगा मिळाला खरा, पण त्याची भरपाई त्या दुसऱ्याच्या पदरातून करायला गेल्या. भिमाबाई आता छकुलीला रस्त्यावरूनच हाक मारतात, ओट्यावर चढत नाहीत. घासलेली वाटी तानाबाईंच्या फडताळात अजून तशीच आहे. ज्या बाईनं त्या सभेत कधी पाय ठेवला नाही, त्या सभेचं सगळं देणं तिनंच भरलं.