त्रेचाळीस चिरे

आमच्या लेकीने, कौमुदीने बनवलेल्या खेळात एक बुटका पाथरवट आहे. खांद्यावर दगडाचा चिरा घेऊन तो गड चढतो. त्याचा चेहरा म्हणजे पाच-सहा चौकोनी ठिपके, चालण्याचा आवाज म्हणजे नुसती टिकटिक, आणि एकूण थाट चाळीस वर्षांपूर्वीच्या व्हिडिओ गेमचा. मुद्दाम तसा ठेवलाय म्हणे, लोकांना आवडतो. गडावर पाण्याची सात टाकी आहेत. वाटेतली कोडी सोडवत, उड्या मारत सातव्या टाक्यापर्यंत जायचं आणि त्याच्या फुटलेल्या काठाला तो चिरा बसवायचा, की झालं. मात्र मधे कुठेही पाय चुकला की पाथरवट खलास, आणि पुन्हा गडाच्या पहिल्या दरवाजाशी हजर.

इंटरनेटवर लोकांनी या खेळाला भरभरून शिव्या घातल्या आहेत. नाशिकच्या एकाने लिहिलंय, 'मी या बाईचं काय वाकडं केलं होतं?' तेवढं एक वाक्य वाचून मला बरं वाटलं होतं.

मी माधवराव. लोणावळ्यात चौतीस वर्षं गणित शिकवलं, आता वलवणला घरी बसून असतो. माझ्या वर्गात खाडाखोड चालत नसे. एक आकडा चुकला तरी पान फाडायचं आणि गणित पहिल्यापासून करायचं. 'पहिल्यापासून' हा शब्द मी इतक्या वेळा उच्चारला असेल की पोरांनी माझं तेच नाव पाडलं होतं. पाडू देत. त्यातली निम्मी आज इंजिनिअर आहेत.

कौमुदीही इंजिनिअरच. हिंजवडीतली चांगली नोकरी सोडून दोन वर्षं पुण्यात एका खोलीत बसून तिने हा पाथरवट घडवला. तिच्या या उद्योगाला मी पोरखेळ म्हणायचो, तोंडावर म्हणायचो. गेल्या महिन्यात जुन्या कंपनीने तिला परत बोलावलं. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. त्या सोमवारच्या आठ दिवस आधी, रविवारी ती घरी आली तेव्हा मी विषय काढला, ती गप्प राहिली, आणि ती गप्प राहिली की माझा तोल जातो. मी म्हणालो, तुझा हा पोरखेळ मी आठवड्यात संपवून दाखवतो. संपवला तर तू नोकरी धरायचीस. नाही संपला तर या जन्मात पुन्हा नोकरीचं नाव काढणार नाही. पुढच्या रविवारी संध्याकाळी सहापर्यंत.

ती लगेच हो म्हणाली. तिथेच मला शंका यायला हवी होती.

सोमवारी मी आलेख कागद आणला, एक घर म्हणजे पाथरवटाचं एक पाऊल असं प्रमाण धरून गडाचा नकाशा काढायला घेतला आणि दिवसभरात पहिलं टाकंसुद्धा ओलांडू शकलो नाही. बोटं ऐकत नव्हती. डोक्याला उडी कळायची, बोट अर्धा क्षण मागे राहायचं, की गेला खाली. मंगळवारी तीन टाकी झाली. माझी बायको अरुंधती दोनदा जेवायला बोलवून गेली आणि तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवून मैत्रिणीकडे गेली. कोडी मात्र अस्सल होती, हे कबूल करतो. घंटांचा क्रम, सावल्यांचे कोन, एका ठिकाणी तर चक्क लसावि. लसावि मी तिला या जेवणाच्या टेबलावर शिकवला होता. त्या कोड्याशी क्षणभर मला अभिमान वाटला, आणि पुढच्याच उडीला पाथरवट कोसळला.

बुधवारी संध्याकाळी सातव्या टाक्याशी पोचलो आणि गाडं अडलं ते अडलंच.

सातव्या टाक्याच्या अलीकडे एक खोल खड्डा आहे आणि खड्ड्याला लागून सरळसोट भिंत. पाथरवट उंच उडी मारतो चार घरं. भिंत नऊ घरांची. मधे पायरी नाही, कोनाडा नाही, काही नाही. मी सगळं करून पाहिलं. धावत येऊन उडी, थांबून उडी, उलट्या दिशेने उडी. खाली, खाली, खाली. दर वेळी गडाच्या दरवाजापासून पुन्हा वीस मिनिटांची चढण. वहीत मी एकेक पडणं नोंदवत होतो. शुक्रवारी सत्तावीस झाली. नाकी नऊ आले होते. बाहेर शनिवार-रविवारची गर्दी सुरू झाली, मुंबईच्या गाड्या हॉर्न वाजवत धरणाकडे चालल्या, आणि मी खिडकी अशी आपटली की तिची कडी निखळली. साठी उलटलेला माणूस एका ठिपक्यांच्या बाहुल्यावर ओरडतोय, हे मला दिसत होतं, आणि ओरडणं थांबत नव्हतं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मुक्ताबाई कुरवंडे गावच्या. शनिवारी लादी पुसता पुसता त्या मागे उभ्या राहिल्या. पाथरवट पडला, त्याचा चिरा खड्ड्यात तसाच पडून राहिला, आणि पडद्यावर नेहमीच्या दोन ओळी आल्या. वरची 'पुढे चालू', खालची 'नवीन खेळ'. मी खालची दाबली.

"सर, त्यो दगुड कुटं गेला?" मुक्ताबाईंनी विचारलं. "ऱ्हाऊ द्यायचा की तितं. आमच्या घाटाच्या वाटंला पाय घसरला की आमी तितं दगुड ठिवतो. मागच्याला कळतंय."

मी त्यांना म्हणालो, तुम्ही आपलं काम बघा. बरंच जोरात म्हणालो. त्या बादली उचलून आत गेल्या.

रविवारी चारच्या सुमाराला कौमुदी लोकलने आली. मी त्रेचाळिसाव्यांदा पडून बसलो होतो. ती माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. लहानपणी ती अशीच माझ्या टेबलाशी उभी राहायची, वही छातीशी धरून. कितीदा तरी. मला आठवत होतं की ती कधीच काही विचारत नसे, आणि मला ते तिचं शहाणपण वाटायचं.

दोन तास बाकी होते. आणखी सहा वेळा पडता आलं असतं, आणि पैज हरलो असतो. हरण्याचं मला तेवढं वाटत नव्हतं. चार दिवस डोकं आपटूनही त्या भिंतीचं उत्तर सापडू नये, याने माझा जीव नुसता जळत होता. शेवटी जे आयुष्यात कुणापुढे म्हटलं नव्हतं ते म्हणालो.

"मला येत नाहीये."

मला वाटलं ती हसेल. निदान पैज जिंकले म्हणेल. तिने बाजूची खुर्ची ओढली आणि विचारलं, "कुठे अडलंय, बाबा?"

चौतीस वर्षांत हा प्रश्न मी एकाही पोराला विचारला नव्हता. मी फक्त पान फाडायला सांगितलं होतं. हे मला त्या क्षणी, तिथे खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

मी तिला खड्डा दाखवला. तिने वाकून पाहिलं आणि विचारलं, इथे किती वेळा पडलात. मी वही पुढे केली. तिने आकडा वाचला, पुन्हा रिकाम्या खड्ड्याकडे पाहिलं.

"मग चिरे कुठे आहेत?"

मी सांगितलं, दर वेळी नवीन खेळ काढतो. जागोजाग पडलेले दगड बरे दिसत नाहीत. खाडाखोड नको.

मग हळू आवाजात तिने समजावलं. 'पुढे चालू' म्हटलं तरी पाथरवट दरवाजापासूनच निघतो, पण जिथे जिथे तो पडला तिथे त्याचा चिरा राहतो. बारा वेळा पडलं की खड्ड्यातून चिऱ्यांची पायरी होते आणि भिंत चढता येते. या खेळात न पडता वर जायची सोयच तिने ठेवलेली नाही. लोक वैतागतात, शिव्या देतात, पण पडत पडत एक दिवस चढतात. माझ्यासारखं, दर वेळी सगळं पुसून टाकणारं, तिला आजवर कुणी भेटलं नव्हतं.

बारा. म्हणजे गुरुवारीच माझी पायरी झाली असती.

"पाचवीच्या वर्षाअखेरी माझी गणिताची वही आठवते?" ती पडद्याकडे बघतच म्हणाली. "शंभर पानी होती."

मला आठवत नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप घेऊन अरुंधती उभी होती. ती म्हणाली, "एकोणीस पानं उरली होती. मी ठेवलीय."

चुकलं म्हणायला हवं होतं. मी उगाच चष्मा पुसत बसलो. मग म्हणालो की त्या कंपनीला काय कळवायचं ते तिचं तिने ठरवावं, मी यात पडणार नाही. ती म्हणाली, त्यांना शुक्रवारीच नाही म्हणून कळवलंय. पैज तिने फक्त मी एकदा तरी खेळून बघावं म्हणून स्वीकारली होती.

याचा मला राग यायला हवा होता. थोडा आलाही.

पाथरवटाला घेऊन मी पुन्हा गड चढलो. खड्ड्याच्या काठाशी आल्यावर बोटं थांबली. चूक होणार हे माहीत असताना ती करायची, याची सवय नव्हती. कौमुदी शेजारी बसून चहा पीत होती, तिने काही सुचवलं नाही. मी डोळे मिटून बटण दाबलं. पाथरवट पडला, चिरा खड्ड्याच्या तळाशी जाऊन बसला, आणि पडद्यावर त्या दोन ओळी आल्या.

सवयीने माझं बोट खालच्या ओळीकडे गेलं. ते मागे घेतलं, वरची ओळ दाबली, आणि वहीत त्रेचाळीसच्या खाली, काहीही न खोडता, एक लिहिलं.